ब्रूम ते केर्न्स किती लांब? वाचकांचे प्रश्न आणि उत्तरं

विमानप्रवासावर प्रश्न मागवले तेव्हा वाटलं होतं की तिकिटं आणि सामानाबद्दलच पत्रं येतील. आली ती निम्म्याहून अधिक अंतर आणि वेळ यांबद्दल. मला बरंच वाटलं, कारण माझी सगळी नोकरी डिस्पॅचमध्ये गेली. विमान निघण्याआधी मार्ग, वारा, इंधन आणि वेळ यांचा हिशेब मांडून तो कागद वैमानिकाच्या हातात देणं, हे आमचं काम. प्रवाशांना आम्ही कधी दिसत नाही; उशीर झाला की मात्र आमची आठवण निघते.

ताई, आमची मुलगी ऑस्ट्रेलियात ब्रूमला असते आणि मुलगा केर्न्सला. दोघांकडे जायचं आहे. एका संकेतस्थळावर या दोन विमानतळांमधलं अंतर २४९७ किलोमीटर आणि उड्डाणाची वेळ ३ तास ३७ मिनिटं दिली आहे. मुलगी म्हणते, अख्खा दिवस जाईल. कोणाचं खरं मानायचं?

मुलीचं. संकेतस्थळाचा अंतराचा आकडा बरोबर आहे, पण त्याच्या वेळेला फार मान देऊ नका. ती वेळ कुठून आली ते सांगते. २४९७ ला ८०० ने भागा, ३ तास ७ मिनिटं येतात. त्यात अर्धा तास मिळवा. झाले ३ तास ३७ मिनिटं! जगातल्या कुठल्याही दोन विमानतळांसाठी ही संकेतस्थळं असलाच ठोकताळा वापरतात. तिथून तिथे विमान जातं का, हे त्यांना ठाऊक नसतं आणि ते विचारतही नाहीत.

ठोकताळा म्हणून तो वाईट नाही. एअरबस ए३२० किंवा बोइंग ७३७ साधारण ताशी ८३० किलोमीटरने जातं. पण हा वेग वर गेल्यावरचा. धावपट्टीवरून उठून तिथवर चढायला वीसेक मिनिटं, उतरायला जवळपास तेवढीच, आणि त्यातही दहा हजार फुटांखाली बहुतेक ठिकाणी २५० नॉटची, म्हणजे ताशी ४६३ किलोमीटरची मर्यादा. शिवाय जमिनीवरचं रांगत जाणं. तो अर्धा तास या सगळ्याचा.

आता तुमचा प्रवास. ब्रूम पश्चिम किनाऱ्यावर, केर्न्स पूर्व किनाऱ्यावर, आणि दोन्ही विमानतळ प्रादेशिक. अशा दोन गावांमध्ये रोज विमान भरेल इतके लोक ये-जा करत नाहीत. त्यामुळे मध्ये कुठेतरी उतरून विमान बदलायचं, हे धरूनच चाला. नकाशाकडे पाहिलं तर डोळा डार्विनवर जातो. ब्रूम ते डार्विन सुमारे १११३ किलोमीटर, डार्विन ते केर्न्स सुमारे १६७६. बेरीज २७८९. म्हणजे सरळ रेषेपेक्षा फक्त तीनशेच्या आसपास किलोमीटर जास्त. त्याच ठोकताळ्याने दोन्ही टप्प्यांचे मिळून साडेचार तास हवेत.

दुसरा रस्ता पर्थवरून. ब्रूम ते पर्थ सुमारे १६७७ आणि पर्थ ते केर्न्स सुमारे ३४३२, म्हणजे एकूण ५१०९ किलोमीटर. सरळ अंतराच्या दुपटीहून अधिक, आणि हवेत साडेसात तासांच्या जवळपास. कागदावर हा शुद्ध वेडेपणा आहे. पण पर्थ ही ब्रूमच्या राज्याची राजधानी, तिच्याशी ब्रूमचा संबंध रोजचा आणि विमानंही त्याच मानाने. डार्विनला तुमचं पहिलं विमान दुपारी पोचलं आणि पुढचं दुसऱ्या दिवशी सकाळी असलं, तर तीनशे किलोमीटरचा वळसा पंधरा तासांना पडला. पर्थला दोन तासांत पुढचं मिळालं, तर दुप्पट लांबीचा मार्ग आधी पोचवतो. म्हणून पत्रात अंतर विचारलंत तरी मी तुम्हाला वेळापत्रक बघायला सांगणार. कुठून जायचं ते ठरल्याशिवाय किती वेळ लागेल याला काही अर्थ नाही. ज्या दिवशी जायचं त्याच वाराचं वेळापत्रक बघा. छोट्या विमानतळांवर मंगळवारी असलेलं विमान बुधवारी असेलच असं नाही.

दोन्ही टप्पे एकाच तिकिटावर घ्या, हा माझा आग्रह. वेगवेगळी तिकिटं काढली आणि पहिलं विमान उशिरा आलं, तर दुसऱ्या कंपनीच्या लेखी तुम्ही फक्त न आलेले प्रवासी असता. सामानही मध्ये उतरवून घेऊन पुन्हा द्यावं लागतं.

आणखी एक गोष्ट पत्रात नव्हती, पण तुमचा गोंधळ ती नक्की करणार. ब्रूमचं घड्याळ जागतिक प्रमाणवेळेच्या ८ तास पुढे, केर्न्सचं १० तास आणि मधल्या डार्विनचं साडेनऊ. समजा ब्रूमहून सकाळी १० ला निघालेलं विमान साडेतीन तासांत केर्न्सला पोचलं, तर तिथे दुपारचे साडेतीन वाजलेले असतील. उलट दिशेने सकाळी १० ला निघालात तर ब्रूमला साडेअकराच. तिकिटावर नेहमी त्या त्या गावची वेळ छापतात, म्हणून जाताना साडेपाच तास आणि येताना दीड तास असा भास होतो. तुम्हाला क्रम निवडता येत असेल तर आधी मुलाकडे आणि मग मुलीकडे जा. त्या दिशेने दोन तास पदरात पडतात, आणि मधल्या विमानतळावर अडकलात तरी दिवस हातात उरतो.

एकाच दोन विमानतळांमधलं अंतर एका ठिकाणी ५४०, दुसरीकडे ६२१ आणि तिसरीकडे ९९६ दिलेलं सापडलं. शाळेच्या प्रकल्पात कोणतं लिहू? आणि हे स्वतः काढता येतं का?

पहिले दोन आकडे एकच आहेत. ५४० हे सागरी मैल, ६२१ हे रस्त्यावरचे मैल आणि दोन्हींचे किलोमीटर केले तर १००० च्या आसपास येतात. सागरी मैल १.८५२ किलोमीटरचा, साधा मैल १.६०९ चा. विमानवाले सागरी मैल वापरतात, कारण तो पृथ्वीच्या मापातूनच निघाला: अक्षांशाच्या एका अंशाचे साठ भाग केले की एक भाग म्हणजे साधारण एक सागरी मैल. नकाशाच्या कडेला अंश छापलेले असतात, त्यामुळे कर्कटक लावून अंतर थेट मोजता येतं. १९२९ साली मोनॅकोच्या परिषदेत त्याची लांबी नेमकी १८५२ मीटर ठरवली गेली. संकेतस्थळांनी आकड्यापुढे एकक न लिहिणं हा मात्र निव्वळ आळस आहे.

तिसरा आकडा जास्त रंजक आहे. १००० आणि ९९६ यांतला फरक चार किलोमीटरचा, म्हणजे अर्ध्या टक्क्याहून कमी. एवढा फरक पडतो तो पृथ्वी पूर्ण गोल धरली की थोडी चपटी धरली, यावरून. विषुववृत्तापाशी पृथ्वीची त्रिज्या ६३७८ किलोमीटर, ध्रुवापाशी ६३५७. एकवीस किलोमीटरांचा हा चपटेपणा काही गणितं धरतात, काही ६३७१ ही सरासरी घेऊन मोकळी होतात. प्रकल्पासाठी दोन्ही चालतील, फक्त कोणती पद्धत वापरली ते लिही.

स्वतः काढायचं असेल तर साइन-कोसाइन असलेलं गणनयंत्र घे आणि ते अंशांवर ठेव. दोन्ही अक्षांशांच्या साइनचा गुणाकार कर. मग दोन्ही अक्षांशांचे कोसाइन आणि रेखांशांतल्या फरकाचा कोसाइन, या तिघांचा गुणाकार कर. दोन्ही उत्तरांची बेरीज घेऊन तिचा व्यस्त कोसाइन काढ. आलेल्या अंशांना १११.२ ने गुण, झाले किलोमीटर. दक्षिण अक्षांश आणि पश्चिम रेखांश ऋण घ्यायचे. पडताळ्यासाठी वरच्याच पत्रातली गावं घे. ब्रूम: अक्षांश उणे १७.९५, रेखांश १२२.२३. केर्न्स: उणे १६.८९ आणि १४५.७६. तुला साडेबावीस अंशांच्या जरा आत आणि अडीच हजार किलोमीटरच्या जवळ उत्तर आलं पाहिजे. फार जवळच्या दोन ठिकाणांसाठी ही पद्धत वापरू नकोस. तिथे कोसाइन एकाच्या इतका जवळ जातो की गणनयंत्राचे शेवटचे आकडे उत्तर बिघडवतात.

सगळ्यात जास्त घोळ अंश आणि मिनिटांचा होतो. ब्रूमचा अक्षांश १७ अंश ५७ मिनिटं. तो कोणी १७.५७ असा भरला तर ठिकाण ४२ किलोमीटर सरकतं, कारण ५७ मिनिटं म्हणजे ०.९५ अंश. नवीन आलेल्या मुलांना मी पहिल्याच आठवड्यात हे उदाहरण देत असे. आणि एक, अंतर गावाचं नको घेऊस, विमानतळाचं घे. विमानतळासाठी एक अधिकृत संदर्भबिंदू ठरवलेला असतो, साधारण धावपट्ट्यांच्या मध्यावर. गावाच्या मध्यापासून तो चाळीस-पन्नास किलोमीटर लांबही असू शकतो.

नावांचीही खात्री कर. सिडनी ऑस्ट्रेलियात आहे, तसं कॅनडातल्या नोव्हा स्कोशियातही आहे, आणि ऑस्ट्रेलियाला निघालेले प्रवासी तिथे उतरल्याचं खरोखर घडलेलं आहे. म्हणून नावापेक्षा तीन अक्षरी संकेत बघायचा: ब्रूमचा बीएमई, केर्न्सचा सीएनएस. आम्ही कामात चार अक्षरी संकेत वापरायचो. त्यात पहिल्या एक-दोन अक्षरांतच प्रदेश कळतो, त्यामुळे चुकीचा देश निवडला तर लगेच डोळ्यात खुपतं.

अलास्कातलं फेअरबँक्स आणि नॉर्वेतलं ट्रोम्सो. भिंतीवरच्या नकाशावर पट्टी ठेवली तर रेषा कॅनडा आणि ग्रीनलंडवरून जाते. पण संगणक मार्ग वाकवून थेट उत्तर ध्रुवाकडे नेतो. इतका वळसा कशाला?

वळसा तुमच्या पट्टीने घेतला आहे, संगणकाने नाही. भिंतीवर बहुधा मर्केटर या नकाशाकाराच्या पद्धतीचा नकाशा असणार. त्याने तो १५६९ मध्ये खलाशांसाठी बनवला. त्यावरची सरळ रेषा म्हणजे होकायंत्राची एकच दिशा धरून चालणं, आणि जहाजाला ते सोयीचं होतं. त्या सोयीसाठी उत्तरेकडचा सगळा प्रदेश आडवा-उभा ताणलेला आहे. ध्रुव तर या नकाशावर मावतच नाही.

एकदा पृथ्वीचा गोल आणि दोरा घ्या. दोऱ्याचं एक टोक फेअरबँक्सवर, दुसरं ट्रोम्सोवर धरा आणि घट्ट ओढा. दोरा आपोआप ट्रोम्सोहून उत्तरेला स्वालबार्ड बेटांजवळून जाईल, ध्रुवापासून साधारण तीनशे किलोमीटरवरून निघेल आणि पलीकडे अलास्कात उतरेल. त्याची लांबी सुमारे ५००० किलोमीटर. पट्टीची रेषा जवळपास ७२०० किलोमीटर भरते. बावीसशे किलोमीटरांचा फरक नुसता कागदाच्या सपाटपणामुळे!

गंमत अशी की ब्रूम-केर्न्ससाठी हाच प्रयोग केलात तर फरक दिसणारच नाही. पट्टी आणि दोरा दोन-तीन किलोमीटरांच्या आत एकच उत्तर देतात, कारण ती गावं विषुववृत्ताच्या बऱ्यापैकी जवळ आहेत. वाकडा मार्ग ही उंच अक्षांशांची आणि लांब पल्ल्याची भानगड आहे.

गोलावर दोरा जातो म्हणून विमानही जाईलच असं नाही. ध्रुवाजवळ चुंबकीय होकायंत्र भरवशाचं राहत नाही. उंचावरची थंडी इतकी असते की इंधनाच्या तापमानावर लक्ष ठेवावं लागतं; जगभर वापरलं जाणारं जेट ए-१ इंधन उणे ४७ अंशांना गोठू लागतं. आणि दोन इंजिनांच्या विमानाला एक इंजिन बंद पडलं तर ठरावीक वेळेत कुठेतरी उतरता आलं पाहिजे. मूळ नियम साठ मिनिटांचा. त्यापलीकडे जायला कंपनीला आणि विमानाला खास परवानगी लागते. आर्क्टिकवर उतरायला जागा मोजक्याच.

तरीही लोकांनी तो मार्ग फार लवकर धरला. स्कॅन्डिनेव्हियन एअरलाइन्सने १९५४ मध्ये कोपनहेगन ते लॉस एंजेलिस ग्रीनलंडवरून आणि १९५७ मध्ये कोपनहेगन ते टोकियो अँकरेजमार्गे ध्रुवावरून विमानं सुरू केली, तीही पंख्याच्या इंजिनांची. पण ती मोठ्या शहरांमधली विमानं. फेअरबँक्सहून ट्रोम्सोला निघालेल्या माणसाला आधी दक्षिणेला एखादं मोठं शहर गाठायचं, तिथून महासागर ओलांडून युरोपात यायचं आणि मग परत उत्तरेला चढायचं, हेच करावं लागतं. ५००० किलोमीटरचा आकडा त्याच्या काही कामाचा नाही. तुमच्या भिंतीवरचा नकाशा मात्र बदला.

जाताना वारा मागून, येताना समोरून. मग दोन्ही मिळून हिशेब बरोबरीत सुटत नाही का?

नाही सुटत, आणि हे मला वाऱ्याच्या हिशेबातलं सगळ्यात आवडतं कोडं आहे. अंतर १००० किलोमीटर, ताशी ५०० ने जाणारं पंख्याचं विमान आणि ताशी १०० चा वारा घ्या. वारा नसता तर जाऊन-येऊन चार तास. आता वारा मागून: वेग ६००, वेळ १ तास ४० मिनिटं. वारा समोरून: वेग ४००, वेळ अडीच तास. बेरीज ४ तास १० मिनिटं. कारण नीट पाहिलं तर साधं आहे: विरोधी वाऱ्यात तुम्ही जास्त वेळ काढता, म्हणून त्याचं नुकसान जास्त वेळ सोसता. विमान जितकं संथ, तितकं हे नुकसान मोठं.

पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणारे उंचावरचे जोरदार वारे, ज्यांना जेट स्ट्रीम म्हणतात, ते ताशी दोनशे किलोमीटरच्याही वर जातात. फेब्रुवारी २०२० मध्ये न्यूयॉर्कहून लंडनला निघालेलं ब्रिटिश एअरवेजचं ७४७ अशाच वाऱ्यावर ४ तास ५६ मिनिटांत पोचलं. जमिनीच्या हिशेबाने त्याचा वेग ताशी १३०० किलोमीटरच्या पुढे गेला होता. तरी ध्वनीचा वेग ओलांडला असं नाही, कारण विमानाचा वेग भोवतालच्या हवेच्या तुलनेत नेहमीचाच होता. हवाच पुढे पळत होती. अशा दिवशी डिस्पॅचमध्ये आम्ही सगळ्यात लहान मार्ग शोधतच नसू. चारशे किलोमीटर वाकडं जाऊन वारा मिळत असेल तर वाकडं जायचं, आणि परतीच्या विमानाला त्याच वाऱ्यापासून लांब ठेवायचं.

आमच्या मार्गावर पंख्याचं विमान असतं. जेट आलं तर वेळ निम्मा होईल ना? शिवाय वेळापत्रकात १ तास १० मिनिटं लिहिलेलं असतं, हवेत मात्र पाऊण तासच जातो. ही फसवणूक नाही का?

तुमचा मार्ग तीनशे किलोमीटरच्या आसपासचा असावा असं पत्रावरून वाटतं. एटीआर ७२ हे पंख्याचं विमान ताशी ५०० किलोमीटरने जातं, जेट ८३० ने. तीनशे किलोमीटरला एकाला ३६ मिनिटं आणि दुसऱ्याला २२. फरक चौदा मिनिटांचा, तोही पूर्ण मिळत नाही, कारण जेट नेहमीच्या उंचीवर पोचतं न पोचतं तोच उतरायला लागतं. इतक्या कमी पल्ल्यावर एटीआर इंधन खूपच कमी खातं आणि आखूड धावपट्टीवरही उतरतं. तेच नसतं तर कित्येक छोट्या विमानतळांवर विमानच नसतं. लांब पल्ल्याला गोष्ट वेगळी. ब्रूम-केर्न्सला त्याला पाच तास लागतील, आणि भरल्या विमानाने दीड हजार किलोमीटरच्या आसपासचाच पल्ला असल्यामुळे मध्ये इंधनासाठी उतरावं लागेल ते निराळंच.

वेळापत्रकातली वेळ ही हवेतली नसतेच. चाकांखालचे अडसर काढल्यापासून पुन्हा लावेपर्यंतची ती वेळ, आमच्या भाषेत ब्लॉक टाइम. त्यात विमानाचं जमिनीवर चालणं, धावपट्टीपाशी रांग, गर्दीत आकाशात घिरट्या, सगळं येतं. यात फसवणूक नाही. पण तुमची शंका अगदीच निराधार नाही. ठरल्या वेळेनंतर पंधरा मिनिटांच्या आत पोचलेलं विमान वेळेवर आलं असं मोजण्याची रीत आहे, त्यामुळे कंपन्या वेळापत्रकात थोडी सैल वेळ घालतात आणि मग 'वेळेआधी पोचलो' अशी घोषणा होते. ती ऐकून टाळ्या वाजवायची गरज नाही. मात्र पुढचं विमान पकडायचं असेल तेव्हा याच सैल वेळेचा उपयोग तुम्हालाही होतो, हेही खरं.

जगातलं सगळ्यात छोटं विमान-उड्डाण कोणतं?

स्कॉटलंडच्या ऑर्कनी बेटांत वेस्ट्रे ते पापा वेस्ट्रे. अंतर २.७ किलोमीटर, वेळापत्रकात दोन मिनिटं, वारा चांगला असताना ५३ सेकंदांत पोचल्याची नोंद आहे. वरचा '८०० ने भागा आणि अर्धा तास मिळवा' हा ठोकताळा इथे लावून पाहा. दोन मिनिटांच्या प्रवासाला तो ३० मिनिटं सांगेल.

निघालो त्या तारखेच्या आदल्या दिवशी पोचता येतं का? पैज लागली आहे.

येतं, आणि त्यासाठी लांबही जावं लागत नाही. पॅसिफिकमधल्या सामोआहून शेजारच्या अमेरिकन सामोआला जा. अंतर सव्वाशे-दीडशे किलोमीटर, छोट्या विमानाने पाऊण तासाच्या आत. पण मधून वाररेषा जाते आणि दोन्हींच्या घड्याळांत चोवीस तासांचा फरक आहे. शनिवारी सकाळी निघालात तर तिथे शुक्रवार सकाळ. पूर्वी ही दोन्ही बेटं एकाच बाजूला होती. ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडशी व्यापार सोपा जावा म्हणून सामोआने २०११ च्या डिसेंबरात ३० तारीख गाळली आणि २९ नंतर थेट ३१ आणली. पैज जिंकलात. हॉटेलचं आरक्षण करताना तारीख मात्र दोनदा वाचा.

आमच्या गावचं विमान संध्याकाळी उशीर झाला की रद्दच होतं. थोडं उशिरा आलं तर काय बिघडतं?

बरेच छोटे विमानतळ चोवीस तास चालत नाहीत. नियंत्रक, अग्निशमन दल, हवामानाची नोंद घेणारे यांच्या पाळ्या ठरलेल्या असतात आणि पाळी संपली की विमानतळ बंद. काही ठिकाणी रात्री उतरण्यासाठी लागणारे दिवेही नसतात. विमान त्या वेळेच्या आत पोचणार नसेल तर ते सोडून उपयोग नाही. नुसतं जाऊन परत यावं लागेल. शिवाय उतरता आलं नाही तर दुसऱ्या विमानतळापर्यंत जायचं इंधन आणि त्यावर अर्ध्या तासाचं राखीव इंधन बरोबर असावंच लागतं. तो पर्यायी विमानतळ लांब असला की इंधन वाढतं, इंधन वाढलं की वजन, आणि मग आखूड धावपट्टीसाठी प्रवासी किंवा सामान कमी करावं लागतं. हे सगळं बसवायचा प्रयत्न शेवटच्या मिनिटापर्यंत चालू असतो. तुम्हाला विमानतळावर 'थोडा वेळ थांबा' एवढंच सांगतात, त्या वेळात डिस्पॅचमध्ये हेच चाललेलं असतं. दुपारच्या आत पोचणारं विमान असेल तर ते घ्या.